त्याला सांग, हवा काढ

आमच्या घरात अबोल्याचा एकच नियम आहे: जो आधी बोलेल तो हरला. लहानपणी दादा आणि मी पतंगावरून, उशीवरून, कशावरूनही अबोला धरायचो आणि आई मधोमध उभी राहून इकडचे निरोप तिकडे करायची. "तिला सांग, माझं दप्तर दे." "त्याला सांग, स्वतः घे." दप्तर दोघांच्या मध्येच पडलेलं असायचं. आई भाजी चिरता चिरता दोन्ही निरोप पोहोचवायची आणि शेवटी दप्तर स्वतःच उचलून द्यायची. आम्ही दोघंही आता पन्नाशीला टेकलोय, तरी ही खोड गेली नाही. फक्त उशीच्या जागी आई आली आहे.

बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे नाहूरला राहत होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, समोर तुळस, बाजूला भाजीवाली. गेल्या वर्षी गणपतीत ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी दादाने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जाहीर करून टाकलं की आई आता अंधेरीला येईल. त्याच्याकडे लिफ्ट आहे, दिवसरात्र बाई ठेवता येईल, खिडकीतून विमानं दिसतात. मी म्हटलं, आई म्हणजे पार्सल नाही. तो म्हणाला, तुझ्या त्या खुराड्यातच पडली ना ती? मी त्याला जे उत्तर दिलं ते ऐकून नर्स बाहेर आली. त्या दिवसापासून अबोला.

प्रश्न एकच होता: आई कुणाकडे राहणार. मला ती हवी होती आणि त्याला मिळू द्यायची नव्हती. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात सारख्याच जोरात होत्या, उगाच सोवळेपणा कशाला आणू?

तो आईला रोज फोन करायचा. ती खिडकीशी बसून फोन कानाला लावायची. स्पीकर लाव म्हटलं की तिच्या मालवणीत म्हणायची, "माका तां बटन गावना नाय." मी आत काम करत असायची. मग तिची हाक यायची, "तो म्हणता, औषधां वेळेर घे." मी आतून ओरडायची, "त्याला सांग, एवढी काळजी आहे तर बिल भरायला आला होतास तसाच कधीतरी बसायलाही ये." ती ते पोहोचवायची. निदान मला तसं वाटायचं. यंदा दिवाळीच्या आधी मी तिच्याकरवी शेवटचं सांगून टाकलं, "म्हणावं, आई तुझ्या घरात पाय ठेवणार नाही. मी ठेवू देणार नाही." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आई शेंगा निवडत म्हणाली, "तो म्हणता, तुज्याकडेच बरी हां मी." मी त्या दिवशी गोडाचा शिरा केला. जिंकले होते ना!

दिवाळी संपली आणि आईने नवीन निरोप आणला. "रविवारी तो माका समुद्रार नेता म्हणता. गाडी थेट पाण्याशी नेता. माजे पाय भिजवूचे आसत."

व्हीलचेअर वाळूत चालत नाही आणि आईला चार पावलांपलीकडे चालवत नाही, त्यामुळे गाडी पाण्याशी न्यायची हे एका अर्थी बरोबर होतं. पण कल्पना दादाची असल्यामुळे ती मला मूर्खपणाची वाटली. वाळूत गाडी काय असते ते मला माहीत आहे. किनाऱ्यांची मोजणी करणाऱ्या एका ऑफिसात मी आयुष्य काढलं. ऑफिसची जुनी जीप घेऊन रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पुळणी पालथ्या घातल्या, कितीदा रुतले आणि निघाले. दादा मात्र हे सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेला. मी म्हटलं, "त्याला सांग, मीपण येणार." तो एकटा तिला घेऊन वाळूत उतरला असता तर मी घरी बसून नखं कुरतडली असती.

दादाची गाडी काळी, उंच, चढायला पायरी असलेली. इंजिनाचा जोर चारही चाकांना देता येतो, त्यासाठी गियरच्या मागे एक वेगळं बटन आहे. डोंगर चढायला, नदी ओलांडायला बनवलेलं हे धूड अंधेरीत दिवसभर सिग्नलला उभं असतं आणि मॉलच्या तळघरात छत घासेल म्हणून श्वास रोखून चालतं. त्या रविवारी ती आमच्या गल्लीत शिरली तेव्हा भाजीवालीला टोपल्या उचलाव्या लागल्या. दादा उतरला. नवा टी-शर्ट, गॉगल. माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "झालं का सगळं?" आईने कापडी पिशवी पुढे केली. मोठी, टम्म फुगलेली. मला ती म्हणाली होती की भिजल्यावर बदलायला कपडे घेतलेत. मी मनात म्हटलं, पाय भिजवायचे आहेत की अंघोळ करायची आहे?

आई पुढे बसली, मी मागे. मुलुंड–गोरेगाव जोडरस्त्याने निघालो. वाटेत निरोपांची पोस्ट चालूच होती. गंमत अशी की गाडीत आम्हाला एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, पण अबोल्यात ऐकू आलेलं ऐकायचं नसतं. मी म्हणायची, "आई, त्याला सांग, एसी कमी कर." तो ढिम्म. आई म्हणायची, "झिला, एसी कमी कर." मग त्याचा हात हलायचा. "आई, तिला सांग, थंडी वाजत असेल तर शाल घे." आई मागे वळून, "शाल घे गो." माझ्या अंगावर शाल होती. मी मुद्दाम काढून ठेवली.

मालाडच्या पलीकडच्या कुठल्या चौपाटीवर गेलो ते सांगत नाही, कारण तिथे गाडी उतरवायला मनाई आहे आणि आम्ही उतरवली. होड्या ओढायला कोळ्यांनी केलेली एक उतरण होती. त्या उतरणीच्या तोंडाशी दादाने गाडी थांबवली, बटन फिरवून चारही चाकं जोडली आणि समुद्राकडे बघायला खाली उतरला. कमरेवर हात. मला हसू आलं आणि रागही आला.

कोरड्या वाळूत जड गाडी न्यायची तर पहिलं काम म्हणजे टायरमधली हवा निम्म्यावर आणायची. टायर ढिला होऊन पसरतो, त्याच्याबरोबर वजनही पसरतं आणि गाडी वाळूच्या वरून चालते. फुगलेला टायर वाळू कापत खाली जातो. एवढी एक गोष्ट केली की निम्मं काम झालं. मी पुढे वाकून आईला म्हटलं, "त्याला सांग, आधी हवा काढ."

आईने माझ्याकडे एकदा बघितलं. मग काच खाली करून दादाला हाक मारली. तो तिच्या खिडकीशी आला. एसीचा पंखा घरघरत होता, बाहेर वारा होता, ती त्याला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्याने मान हलवली, हाताने नको नको केलं. आईने काच वर केली. "तो म्हणता, गरज नाय."

गरज नाही! दोन टनांच्या गाडीला, कोरड्या वाळूत, हवा काढायची गरज नाही! मी हाताची घडी घालून मागे टेकले. मनात म्हटलं, रुत बाबा, आज रुतच.

उतरण संपली आणि भुसभुशीत पट्टा लागला. गाडीचा आवाज लगेच बदलला. इंजिन तेच, पण ओझं वाढल्यासारखं कण्हायला लागलं. तोंड डावीकडे सरकलं, दादाने स्टिअरिंग झटक्याने उजवीकडे मारलं. आडवी झालेली पुढची चाकं वाळू ढकलायला लागली. "आई, त्याला सांग, सरळ ठेव!" आई सावकाश म्हणाली, "झिला, सरळ ठेव म्हणता." तोवर चाल निम्मी झाली होती. चाल कमी झाली म्हणून त्याने रेस वाढवली. "त्याला सांग, रेस देऊ नको, खड्डा पडतोय!" त्याला ऐकू गेलं होतं, मानेची शीर ताठ झाली ती मी बघितली. माझा शब्द आला म्हणून त्याने पाय आणखी दाबला. आईने निरोप पोहोचवला तेव्हा चारही चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती, वाळू मागे उडत होती आणि गाडी बसलेल्या म्हशीसारखी पोटावर टेकत होती.

मग ती थांबली. पाण्यापासून थोड्या अंतरावर, धड इकडे ना तिकडे. वाळूवर ओल्या कचऱ्याची रेघ होती, भरतीचं पाणी येतं तिथवरची. आम्ही त्या रेघेच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला होतो. आणि ओहोटी संपून पाणी पुन्हा वर चढायला लागलं होतं.

दादा उतरून चाकं बघायला लागला. गोळेवाल्याकडची दोन-चार पोरं मोबाइल धरून उभी राहिली. लांबून लाल टी-शर्टवाल्या जीवरक्षकाने शिटी मारली. मीही उतरले. मागची चाकं आसापर्यंत वाळूत होती. मी गाडीला वळसा घालून आईच्या खिडकीशी आले, तिने काच पुन्हा खाली केली होती. दादा पुढच्या बंपरपाशी, इंजिन चालू, वारा त्याच्याकडून आमच्याकडे. मी दात चावत म्हटलं, "आई, अजून वेळ आहे. त्याला सांग, हवा काढ."

मी तिथून हलले नाही. चालत्या गाडीतले निरोप सोडले तर अख्ख्या वर्षात पहिल्यांदाच मी निरोपाच्या वाटेत उभी होते. आईच्या ते लक्षात आलं नाही, तिने डोकं पुढे काढलं आणि गोड आवाजात दादाला हाक मारली.

"झिला, ती म्हणता, दमलंस. जरा वारो खा."

आणि दादाने खरंच गॉगल काढला, समुद्राकडे तोंड केलं आणि छातीभर वारा घेत उभा राहिला.

मला आधी काही कळेना. मग कळलं. मी 'हवा काढ' म्हटलं आणि आईने ते शिवी म्हणून ऐकलं. भावाची हवा काढ, त्याची जिरव. वर्षभर ज्या जिभेतून तिने तेवढंच ऐकलं होतं, तिच्यातून टायरचा विषय निघेल हे तिला कुठून सुचणार? मग तिने नेहमीचं काम केलं. शब्द उचलला, धुतला, पुसला आणि पलीकडे दिला.

म्हणजे आजवरचे सगळेच निरोप असे धुतलेले.

"हवा काढ!" मी ओरडले. सरळ, त्याच्या तोंडावर. अबोला मोडला, हरले, गेलं खड्ड्यात. "दादा, हवा काढ!"

तो गर्रकन वळला. "काय म्हणालीस? माझी हवा काढतेस? वर्षभराने तोंड उघडलंस ते यासाठी?"

"टायरची रे! टायरची हवा, गाढवा! मघापासून सांगतेय!"

"कधी सांगितलंस? आई म्हणाली, ती म्हणते, जरा वारा खा!"

आम्ही दोघांनी एकाच वेळी आईकडे बघितलं. ती समोर बघत होती.

"आणि मुळात गाडी वाळूत घालायची कल्पनाच मूर्खपणाची," मी म्हटलं. "तुझीच."

"माझी? अगं तुझी! मी आज तिला न्यायला आलोय. घरी. तूच निरोप पाठवलास ना, दिवाळी होऊ दे, मग घेऊन जा म्हणून? आणि वाटेत समुद्रावर नेऊया, हट्ट कुणाचा? मी म्हटलं नवी गाडी आहे, खारं पाणी लागेल. आई म्हणाली, ती ऐकत नाही, तिचं मन मोडू नको."

माझं मन! मी त्याला काय पाठवलं होतं आणि त्याला काय मिळालं होतं. आणि तो जे कधी बोललाच नाही त्यावर मी शिरा करून खाल्ला होता. टम्म पिशवी मागच्या सीटवर होती. मी म्हटलं, "आई, हे काय आहे? त्याला सांग..." आणि सवयीने वाक्य तिच्याकडे टाकून मोकळी झाले. दादाही म्हणाला, "हो आई, तिला जरा सांग तू."

आईने बटन दाबलं. काच सरसर वर गेली. ते बटन तिला बरोबर गावलं.

आता उरलो आम्ही दोघं आणि वाळू. "ओ मॅडम, गाडी काढा, भरती येतेय," जीवरक्षक धावत आला. मी दादाला म्हटलं, "किल्लीचं टोक टायरच्या पिनवर दाबून धर. टायरचं पोट खाली पसरेपर्यंत हवा सोड." तो म्हणाला, "मला शिकवू नकोस." आणि वाकून सोडायला लागला. एका चाकाशी तो, एका चाकाशी मी, हवा फुसफुसत होती आणि आम्ही चाकांवरून भांडत होतो. खुराडं, लिफ्ट, बाबांचं आजारपण, कोण कधी आलं, कोण आलं नाही. मधे कुणी धुऊन देणारं नव्हतं, सगळं जसंच्या तसं अंगावर येत होतं. तो एक वाक्य असं बोलला की माझे हात थांबले. मीही एक बोलले, त्याने तोंड फिरवलं. दोन्ही लिहिणार नाही. हाताने चाकांसमोरची वाळू उकरली, पोटाखालची ओढून काढली, गाडीतले रबरी पायपोस चाकांखाली सारले. पाण्याचा आवाज आता आमच्या बोलण्यात मिसळत होता.

"सरक," मी म्हटलं. "मी काढते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाजूला झाला. गाडी हलकी राहावी म्हणून त्याला खालीच ठेवला.

मी चढले. शेजारी आई, मांडीवर हात. मागे जाऊन उतरण गाठावी असा माझा बेत होता. आधी आमच्याच चाकोरीतून गाडी मागे घेतली, हळू, क्लच अर्धा न ठेवता. ती एकदा कुरकुरली आणि पायपोसांवरून वर आली. आई म्हणाली, "पाय भिजल्याबगर मी जावचंय नाय."

ओल्या वाळूचा कडक पट्टा समोर दिसत होता, मधे तोच भुसभुशीत तुकडा. मी रागारागाने दुसरा गियर टाकला आणि निघाले. वाळूत एकदा निघालं की थांबायचं नसतं. पाय एकसारखा ठेवायचा, ना कमी ना जास्त. स्टिअरिंग हातात नुसतं धरायचं, त्याला थोडं हलू द्यायचं. गाडी डोलते, घसरते, पण चालत राहते. अर्ध्यात आल्यावर आई बोलायला लागली.

"आज मी त्याच्याबरोबर जातंय."

माझा पाय पेडलवरून उचलला जाणार होता. उचलला असता तर तिथेच बसलो असतो. मी तो होता तसा ठेवला.

"का?" मी म्हटलं. डोळे समोर. "मी काय कमी केलं?"

"काय कमी नाय केलंस." तिचा आवाज निरोप सांगताना असायचा तसाच होता, शांत. "त्याचांय बोलणां वायटच आसता. पण त्याचां फोनार आसता. फोन ठेवूक येता. तुजां घरात आसता, बाय."

ब्रेक मारता येत नव्हता. तिच्याकडे बघता येत नव्हतं. ओरडलेही असते, पण जरा धक्का लागला तर चाकं खाली जाणार. इंजिन कण्हत होतं, स्टिअरिंग हातात थरथरत होतं, आणि मला त्या बाईचा इतका राग आला की डोळ्यांसमोरची वाळू पुसट झाली. रात्रंदिवस मी केलं, मी उचललं, मी पुसलं, आणि ही फोन ठेवता येतो म्हणून त्याच्याकडे निघाली! मी पाय हलवला नाही. गाडी ओल्या वाळूवर चढली तशी एकदम सुटली आणि आवाज मोकळा झाला.

पाण्याशी गाडीचं तोंड फिरवून ठेवलं. दादा धापा टाकत मागून आला. आम्ही दोघांनी आईला धरून खाली उतरवलं, न बोलता, दोन बाजूंनी. लाट आली, तिच्या घोट्यांवरून गेली. तिने लुगडं थोडं वर धरलं आणि म्हणाली, "गार हा." जीवरक्षक शिट्या मारत होता. आणखी दोन लाटा येईतो ती हलली नाही.

येताना मीच गाडी बाहेर काढली. मालाडला पेट्रोलपंपावर हवा भरली. दादाने मला जोडरस्त्याच्या तोंडाशी सोडलं, "सोडू का घरी?" असं विचारून. मी नको म्हटलं. आईने पुढच्या सीटवरून हात मागे केला, मी तो धरला नाही.

आता आई अंधेरीला असते. विमानं बघते. दादा आणि मी सरळ बोलतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी भांडतो. तिची व्हीलचेअर त्याने नेली नाही, त्याच्याकडे नवी आहे. जुनी माझ्या दाराशी घडी घालून ठेवली आहे, येता-जाता गुडघ्याला लागते. राग मला अजून आहे, आणि तो नक्की कुणाचा ते मी स्वतःला विचारत नाही.

परवा तिला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, तुळशीला मंजिऱ्या आल्याचं सांगितलं. मग ती म्हणाली की बाई दोन दिवस आली नाही, जेवण बाहेरून मागवतात. माझं डोकं फिरलं.

"आई," मी म्हटलं, "त्याला सांग..."

तिने फोन ठेवला.